करारावर सही झाली, पुढे काय?

हॉस्टेलकडून मेसला जाताना आपल्याच संस्थेच्या फार्मसी कॉलेजची भिंत लागते. त्या भिंतीवर दिवाळीनंतर एक भलामोठा फ्लेक्स लागलाय. वर दोन देशांचे झेंडे, खाली टेबल, टेबलावर फुलदाणी, आणि निळ्या फायली हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारी माणसं. ठळक अक्षरांत 'आंतरराष्ट्रीय सामंजस्य करार संपन्न'. मेसच्या रांगेत आठवडाभर तोच विषय होता. मेकॅनिकलवाल्यांचं म्हणणं, "आता हे फार्मसीवाले फॉरेनला जाणार आणि आपण इथं एम-थ्रीची केटी काढत बसणार!" मी फार्मसीच्या एका मित्राला विचारलं, "काय रे, कोण कोण जातंय तुमच्यातलं?" तो म्हणाला, "सर जाऊन आले ना. चार दिवस. आम्हाला चॉकलेटं आणली होती."

सगळे हसले आणि विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो फ्लेक्स जाईना. त्याला घरचं कारण आहे.

माझी मावसबहीण २०१९ साली मेडिकलला युक्रेनमध्ये, खार्किव्ह शहरात गेली. आम्ही तिला ताईच म्हणतो. पहिल्या वर्षी तिचा व्हिडिओ कॉल आला की ती मोबाइल फिरवून रस्ता दाखवायची, बर्फ दाखवायची. एकदा म्हणाली, "अरे, इथं नुसत्या फार्मसीचं अख्खं विद्यापीठ आहे." मला ते फारच विनोदी वाटलं होतं. विद्यापीठ म्हणजे आपल्या डोक्यात आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, लॉ सगळं एकत्र. नुसती फार्मसी? (आपल्याकडेही दिल्लीत २०१५ पासून असं फार्मसीचं विद्यापीठ आहे, हे मला फार नंतर कळलं.) तेव्हापासून मी त्या विद्यापीठाबद्दल जमेल तसं वाचत आलो, आणि भिंतीवरचा फ्लेक्स पाहिला की मला तेच आठवतं.

खार्किव्ह हे युक्रेनचं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. रशियाच्या सीमेपासून जेमतेम तीस-चाळीस किलोमीटर. १९३४ पर्यंत सोव्हिएत युक्रेनची राजधानी हीच. शहराचं जुनं विद्यापीठ १८०५ पासून चालू आहे. १९२१ मध्ये तिथं औषधनिर्माणशास्त्राची स्वतंत्र संस्था झाली. सोव्हिएत युनियन गेलं, देश बदलला, संस्थेच्या नावाची पाटी दोन-तीनदा बदलली, आणि २००२ मध्ये ती नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ फार्मसी झाली. म्हणजे आपली इंजिनिअरिंग कॉलेजं गावोगाव उगवत होती त्याच सुमाराला हे विद्यापीठ बाहेरच्या जगासाठी दारं मोठी करत होतं.

इथं एक आडवळण घेतो, कारण न सांगता राहवत नाही. याच खार्किव्हच्या जुन्या विद्यापीठात इल्या मेचनिकोव्ह शिकला. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवणारा, १९०८ चं नोबेल मिळवणारा तो हाच. पुढे तो ओदेसाला शिकवायला गेला. तिथं त्याच्या हाताखाली वाल्डेमार हाफकिन नावाचा मुलगा तयार झाला. कालांतराने दोघंही पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचले, आणि १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये छोटीशी प्रयोगशाळा थाटून बसला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. परळचं हाफकिन ते हेच. खार्किव्ह, ओदेसा, पॅरिस, मुंबई! आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणतात ते याला. आणि या सगळ्या साखळीत फ्लेक्स एकही नव्हता. असो.

तर या विद्यापीठांचं आंतरराष्ट्रीय सहकार्य कसकसं वाढलं? माझ्या मते ते दोन वेगवेगळ्या वाटांनी वाढलं, आणि आपण या दोन वाटांची गल्लत करतो. सगळा घोळ तिथंच आहे.

पहिली वाट पैशाची. सोव्हिएत काळात आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी तिकडे जायचे ते बहुतेक सरकारी शिष्यवृत्तीवर. १९९१ नंतर सरकारी तिजोरी रिकामी झाली. प्राध्यापकांचे पगार कुठून द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. मग परदेशी विद्यार्थी हा पाहुणा न राहता उत्पन्नाचा मार्ग झाला. इंग्रजी माध्यमाचे वर्ग निघाले. एजंट आले. आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सुद्धा 'कमी खर्चात परदेशात डॉक्टर व्हा' असे बोर्ड लागले, ते तुम्हीही पाहिले असतील. २०२० मध्ये युक्रेनमध्ये शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या ७६ हजारांच्या वर होती. त्यात साधारण चौथा हिस्सा आपल्या देशातला, म्हणजे १८ हजारांवर. त्याखालोखाल मोरोक्को. आपली मुलं मुख्यतः मेडिकलला जात.

या वाटेला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे सरकारी कॉलेजात जागा नाही, खासगीत परवडत नाही, आणि तिकडं दोन्ही जमतं म्हटल्यावर माणूस जाणारच. माझ्या मावशीनं शेत गहाण ठेवलं होतं, मजा म्हणून नव्हे. फक्त एवढंच म्हणायचंय की या वाटेनं विद्यार्थी वाढले, देश वाढले, माहितीपुस्तिकेतले झेंडे वाढले, पण त्याला सहकार्य म्हणायचं का? दुकानात गिऱ्हाईक वाढलं तर आपण दुकानदार आणि गिऱ्हाइकाचं सहकार्य वाढलं असं म्हणत नाही.

दुसरी वाट हिशेबाची. ती संथ, कंटाळवाणी, आणि फोटोत न येणारी. १९९९ मध्ये इटलीत बोलोन्या इथं २९ युरोपीय देशांच्या मंत्र्यांनी ठरवलं की उच्च शिक्षणाची मापं एकमेकांशी जुळवायची. २००५ मध्ये युक्रेन त्यात आलं. त्या व्यवस्थेत पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे ६० क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. त्या तासांत लेक्चर आलं, प्रॅक्टिकल आलं, आणि रूमवर बसून केलेला अभ्यास सुद्धा धरला जातो. म्हणजे तुम्ही 'ऑरगॅनिक केमिस्ट्री' खार्किव्हला शिकलात की पोलंडला, किती शिकलात ते एकाच मापात सांगता येतं. बँकेच्या पासबुकासारखं समजा. शाखा कुठलीही असो, शिल्लक दिसली पाहिजे.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. प्रत्येक विषयाचा सिलॅबस उकलून पुन्हा लिहायचा, प्रत्येक प्रॅक्टिकलचे तास मोजायचे, आणि मुख्य म्हणजे आपल्या प्राध्यापकांनी मान्य करायचं की दुसऱ्या गावच्या मास्तरानं शिकवलेलंही चालेल. यातली शेवटची पायरी सगळ्यात अवघड असते! आपल्याच विद्यापीठात एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात ट्रान्सफर घेतलेल्या मुलाला विचारा. टर्मवर्कच्या फायलीवर नव्यानं सही घेताना त्याची चप्पल झिजलेली असते.

मग आला फेब्रुवारी २०२२. २४ तारखेला पहाटे हल्ला सुरू झाला आणि सीमेजवळचं खार्किव्ह पहिल्या दिवसापासून तोफांच्या टप्प्यात. ताई आणि तिच्या रूममेट हॉस्टेलच्या तळघरात. मावशी रात्रभर फोन धरून बसलेली. १ मार्चला तिथं कर्नाटकातला एक विद्यार्थी किराणा घ्यायला बाहेर पडला होता, तो हल्ल्यात गेला. २ मार्चला आपल्या दूतावासाचा निरोप आला की खार्किव्ह ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, आणि संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाई किंवा बेझ्ल्युदिव्का गाठा. ताई पिसोचिनला चालत गेली. बॅगेत कपड्यांऐवजी कागदपत्रं भरली होती. "मार्कशीट राहिली तर तीन वर्षं राहिली," असं ती नंतर म्हणाली. त्या वाक्यात मला सगळं शिक्षणशास्त्र सापडलं.

ऑपरेशन गंगा आपल्या सगळ्यांना आठवत असेल. मार्चच्या मध्यापर्यंत ९० विमानफेऱ्या आणि सुमारे साडेबावीस हजार भारतीय परत. मुंबई विमानतळावर हार, पेढे, टीव्हीवाले. आणि मग घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी प्रश्न, की आता तीन वर्षांच्या अभ्यासाचं करायचं काय?

परदेशातून परतलेल्या या मुलांना इथल्या मेडिकल कॉलेजात सामावून घेण्याची कायद्यात तरतूद नाही, असं केंद्रानं सुप्रीम कोर्टात सांगितलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं एवढं मान्य केलं की युक्रेनच्या 'अॅकॅडेमिक मोबिलिटी' योजनेखाली मुलांनी तात्पुरतं दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकावं, पदवी मात्र मूळच्या युक्रेनी विद्यापीठाचीच राहील. बघा, सगळ्यात अडचणीच्या वेळी तरफ कुठली वापरली गेली? एजंटचं ब्रोशर नाही, दोन झेंड्यांचा फोटो नाही. क्रेडिटची ती कंटाळवाणी वही. मूळ विद्यापीठात झालेलं काम दुसऱ्यानं मोजायचं, आणि दुसरीकडे झालेलं मूळ विद्यापीठानं स्वीकारायचं.

ताई जॉर्जियाला गेली. तिथंही सगळं सुरळीत झालं असं नाही. दोन विषयांचे तास जुळेनात म्हणून एक सेमिस्टर जवळजवळ पुन्हा करावं लागलं. पण उरलेलं धरलं गेलं. तीन वर्षांतलं अडीच वर्षांचं वाचलं, ते कुणाच्या दयेनं नाही तर कागदावर तास लिहिलेले होते म्हणून. तिचे काही ज्युनिअर अशा ठिकाणी शिकत होते जिथं ट्रान्सक्रिप्टवर फक्त विषयाचं नाव आणि 'पास' एवढंच होतं. त्यांचं काय झालं ते विचारू नका.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी युक्रेनमधल्या विद्यापीठांशी जोड्या जुळवल्या. शंभराहून जास्त जोड्या झाल्या. मेचनिकोव्ह शिकला ते खार्किव्हचं विद्यापीठ इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाशी जोडलं गेलं. त्यातला मला आवडलेला भाग म्हणजे ग्रंथालय आणि जर्नल्स यांच्यासारख्या साध्या गोष्टी वाटून घेणं. खिडक्या फुटलेल्या आहेत, मुलं विखुरलेली आहेत, तास ऑनलाइन चाललेत, अशा प्राध्यापकाला हारतुरे नको असतात. त्याला जर्नलचं पासवर्ड हवं असतं.

आता तुम्ही म्हणाल, हे मेडिकलचं झालं, फार्मसीचं काय? फार्मसीचं तर याहून जास्त खरं आहे, कारण तिथं क्रेडिटच्या पलीकडे आणखी एक वही असते. तिचं नाव फार्माकोपिया. सिव्हिलवाल्यांना आयएस ४५६ जसं, तसं औषधवाल्यांना हे. अमुक औषध शुद्ध आहे हे कसं तपासायचं, किती भेसळ चालेल, कुठलं यंत्र वापरायचं, सगळं त्यात लिहिलेलं. सोव्हिएत युनियन गेल्यावर युक्रेननं स्वतःचा फार्माकोपिया करायला घेतला. पहिली आवृत्ती २००१ मध्ये निघाली, तीही युरोपीय फार्माकोपियाशी जुळवून. हे काम राजधानी कीव्हमध्ये नाही, खार्किव्हमध्ये झालं, कारण औषध जाणणारी माणसं तिथं होती. २०१३ मध्ये युक्रेन युरोपीय फार्माकोपियाचं पूर्ण सभासद झालं. म्हणजे खार्किव्हच्या प्रयोगशाळेत ज्या पद्धतीनं गोळी तपासली जाते, त्याच पद्धतीनं जर्मनीतही. शहरात फार्मसीचं आख्खं विद्यापीठ असण्याचा उपयोग तो हा.

हे नसलं की काय होतं? डायइथिलीन ग्लायकॉल हे नाव केमिकलच्या मुलांना परिचित आहे. आपण ते ग्लायकॉल डिहायड्रेशनच्या चॅप्टरमध्ये शिकतो, ट्रायइथिलीनच्या शेजारी. ते गोडसर, घट्ट, स्वस्त, आणि किडनी निकामी करणारं. १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधात ते द्रावक म्हणून वापरलं गेलं आणि शंभराहून जास्त माणसं गेली. त्यातून १९३८ चा तिथला औषध कायदा आला. ज्ञान जगाला मिळालं. तरी १९८६ मध्ये आपल्या मुंबईत, जे.जे. हॉस्पिटलमध्ये, भेसळीच्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतल्या गांबियात विकल्या गेलेल्या, हरियाणात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. तिथं किमान ६६ मुलांच्या मृत्यूशी त्यांचा संबंध जोडला गेला होता. (उत्पादकानं आणि आपल्या सरकारनं तो मान्य केला नाही.) आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याची मुलं. वीसहून जास्त. त्यातली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. त्या खोकल्याच्या औषधात तामिळनाडूच्या सरकारी तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल सापडलं.

हे शोधायला रॉकेट सायन्स लागत नाही. गॅस क्रोमॅटोग्राफी लागते. ते यंत्र आपल्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबमध्येही आहे, प्लास्टिकच्या कव्हराखाली, नॅकची टीम आली की उघडतात ते. पद्धत छापील आहे, यंत्र आहे, माणसं आहेत, आणि तरी मुलं जातात. म्हणून औषधाच्या विद्यापीठानं बाहेरच्यांशी हात मिळवायचे ते हौसेसाठी नाही. त्यांनी आपली तपासणी तपासावी, आपण त्यांची तपासावी, एकाच नमुन्याचे दोन ठिकाणी काय आकडे येतात ते पडताळावं, यासाठी. सामंजस्य करारातलं खरं सामंजस्य हे असायला हवं. दोघांची रीडिंग्ज जुळली का? नसतील जुळली तर कुणाचं चुकलं?

एक जुनं उदाहरण देतो, कारण ते आपल्या बाजूचं आहे आणि त्यात मला खार्किव्ह पुन्हा दिसतं. १९६१ मध्ये भारत सरकारनं आयडीपीएल काढली, आणि तिचे ऋषिकेश आणि हैदराबादचे कारखाने सोव्हिएत मदतीनं उभे राहिले. (त्याआधी १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानं.) हैदराबादच्या कारखान्यात अंजी रेड्डी नावाचा तरुण नोकरीला लागला. हा मुंबईच्या यूडीसीटीत शिकलेला आणि पुण्याच्या एनसीएलमध्ये पीएचडी केलेला. तिथं काम शिकला, बाहेर पडला, आणि १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे. गंमत पुढे आहे. खार्किव्हला ताईला अॅसिडिटी झाली तेव्हा ती 'अप्तेका'त गेली. औषधाच्या दुकानाला तिकडं अप्तेका म्हणतात. काउंटरवरच्या बाईनं पुढं केलं ते ओमेझ. डॉ. रेड्डीजचं. ताई म्हणाली, "भाषा कळत नव्हती, पण डबी बघून घरी आल्यासारखं वाटलं."

तिकडून कारखाना आला, इकडून गोळी गेली. मधे तीस-चाळीस वर्षं आणि हजारो माणसांचे हात. कुठं सही झाली असेल, ती महत्त्वाची होतीच. पण सहीनंतर माणसं येऊन राहिली, व्हॉल्व्ह कुठला उघडायचा ते दाखवलं, आणि आपली माणसं शिकली. आयडीपीएलचं पुढे काय झालं ते दुःखद आहे, पण शिकलेली माणसं वाया गेली नाहीत.

या सगळ्यावर आमच्या एका सरांशी माझा वाद झाला. सर माझ्यावर प्रेम करतात म्हणून हे छापायची हिंमत करतोय. सर म्हणाले, "अरे, तुम्हा पोरांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. नॅकला करारांची संख्या दाखवावी लागते. करार नसेल तर कोण दारात उभं करणार? फोटोपासूनच ओळख होते. काहीच नसण्यापेक्षा हे बरं." सरांचं अर्धं मला पटलं. नॅकच्या कागदपत्रांत करार किती हे विचारत आले आहेत हे खरं, आणि सरांची अडचणही खरी. रात्री अकरापर्यंत बसून तो रिपोर्ट तेच टाइप करत असतात, आम्ही नाही. पण तिथं शब्द 'कार्यरत करार' असा आहे ना, सर? कार्यरत. त्या एका शब्दावर माझा हट्ट आहे. आणि 'काहीच नसण्यापेक्षा बरं' हे नेहमी खरं नसतं. भिंतीवर काही नसेल तर निदान एखादा विचारतो, आपण बाहेर कुणाशी काही का करत नाही? फ्लेक्स लागला की तो प्रश्नच मिटतो.

माझी मागणी फार मोठी नाही. आपल्या संस्थेनं ज्यांच्याशी करार केलाय त्यांच्या बी. फार्मच्या एका, फक्त एका विषयाचा सिलॅबस आपल्या त्याच विषयाशेजारी मांडून तासाला तास जुळवून बघावा. ते झालं की पुढच्या वर्षी एक विद्यार्थी एका सेमिस्टरसाठी जाईल आणि आल्यावर त्याला ते पेपर पुन्हा द्यावे लागणार नाहीत, एवढं लेखी द्यावं. यूजीसीनं २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या ट्विनिंग आणि जॉइंट डिग्रीसाठी नियमावली काढलेली आहे, म्हणजे निदान विचारायला रस्ता आहे. आणि एखादा नमुना, पॅरासिटामॉलची गोळी का असेना, दोन्ही लॅबमध्ये तपासून रिझल्ट भिंतीवर लावावा. तो फ्लेक्स मी स्वतः वर्गणी काढून छापून देईन.

शेवटची गोष्ट सांगतो, ती मला सगळ्यात जास्त टोचते. आंतरराष्ट्रीय सहकार्य शोधायला आपल्याला विमानात बसायचीही गरज नाही. आपल्या सी विंगला वरच्या मजल्यावर सुदानचा एक मुलगा राहतो, फार्मसीच्या थर्ड इयरला. नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. क्रिकेट येत नाही पण फुटबॉलला आपल्या टीमचा गोलकीपर तोच. मेसची डाळ तो लिंबू पिळून खातो आणि आता आमच्या टेबलावरचे सगळेच तशी खायला लागलेत. एप्रिल २०२३ मध्ये खार्तूममध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो तिथंच होता, बारावीनंतरचं पहिलं वर्ष करत. घरचे इजिप्तला गेले, तो वर्षभरानं इकडं आला, थेट सेकंड इयरला प्रवेश घेऊन. आल्यापासून ऑफिस त्याच्याकडे एकच गोष्ट मागतंय. खार्तूमच्या कॉलेजचं पहिल्या वर्षाचं मूळ ट्रान्सक्रिप्ट, शिक्क्यासह. त्याच्याजवळ मोबाइलमध्ये काढलेला फोटो आहे. कॉलेज बंद आहे. तिथं पत्र घेणारं कुणी नाही.

दोन महिन्यांपूर्वी मी त्याच्याबरोबर खिडकीवर गेलो होतो. क्लार्क भाऊसाहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी चष्मा काढून सगळं नीट ऐकून घेतलं, चहाही पाजला. मग म्हणाले, "बाळा, मला सगळं कळतंय रे. पण ओरिजिनलशिवाय पहिलं वर्ष धरायचं कुठल्या नियमात बसवू? तू एक अर्ज दे. कमिटीपुढं ठेवतो." अर्ज दिला. त्यात आम्ही युक्रेनच्या मुलांचं काय केलं गेलं ते सगळं लिहिलं, तारखांसकट. ताईकडून तिच्या ट्रान्सक्रिप्टची झेरॉक्स मागवून सोबत जोडली, तास कसे लिहितात ते दिसावं म्हणून. पहिल्या वर्षाच्या विषयांची त्याची तोंडी परीक्षा घ्या, प्रॅक्टिकल करून घ्या, आणि त्यावर ठरवा, अशी विनंतीही केली. फार्मास्युटिक्सच्या मॅडमनी परीक्षा घ्यायची तयारी लेखी दिली आहे, तेही पत्र सोबत आहे.

कमिटी अजून बसलेली नाही. अर्जाच्या पोचपावतीचा त्यानं फोटो काढून ठेवलाय, त्याच मोबाइलमध्ये, खार्तूमच्या मार्कशीटच्या पुढच्याच फोटोत. सातव्या सेमिस्टरचे फॉर्म जूनमध्ये निघतात.